दादा म्हणणारी बायको

थायलंडमध्ये बायको नवऱ्याला ‘फी’ म्हणते. शाळेची फी नव्हे. ‘प’ला ‘ह’ जोडून म्हणावयाचे. अर्थ वडील भावंड. दादा काय, ताई काय, शब्द एकच. नवरा बायकोला ‘नाँग’ म्हणतो, म्हणजे धाकटे भावंड. आपल्याकडे एखाद्या सुनेने नवऱ्याला ‘दादा’ अशी हाक मारली तर सासूबाई कपाळाला हात लावतील. तिथे मात्र हाच प्रेमाचा शब्द. सिनेमातला नायकसुद्धा प्रेयसीशी बोलताना स्वतःला ‘फी’ म्हणतो आणि तिला ‘नाँग’.

हेच शब्द तिथे रस्त्यावरही चालतात. खानावळीत वाढणारा पोरगा ‘नाँग’, वयाने मोठी भाजीवाली ‘फी’, कचेरीतला वरचा कारकूनही ‘फी’. अनोळखी माणसाशी बोलायचे तर आधी त्याचे वय अदमासायचे आणि मग नाते लावायचे. आपण बसमध्ये ‘ओ ताई’, ‘ओ मामा’ म्हणतो तसेच, पण तिथे हे घराच्या आतपर्यंत जाते. आई लेकराशी बोलताना ‘मी’ म्हणत नाही, ‘आई’ म्हणते.

पाश्चात्त्यांची रीत वेगळी. इंग्रज बायकोला डार्लिंग म्हणेल, अमेरिकन हनी म्हणजे मध म्हणेल. जर्मन माणूस ‘शात्स’ म्हणजे खजिना म्हणतो, नाहीतर ‘माउस’, म्हणजे चक्क उंदीर. फ्रेंच तर लाडाने ‘माझ्या कोबी’, ‘माझ्या पिसू’ असेही म्हणतात! गंमत अशी की थाई भाषेतही ‘नू’ म्हणजे उंदीर हा लाडाचा शब्द आहे. पण तो लहान मुलांसाठी, आणि तरुण मुली वडीलधाऱ्यांपुढे स्वतःलाच ‘नू’ म्हणवून घेतात. इंग्लंडमधली दुकानदारीण गिऱ्हाइकाला ‘लव्ह’ म्हणते हे खरे, पण एरवी पाश्चात्त्य लाडाचा शब्द एका माणसाला सगळ्या जगातून वेगळे काढतो. थाई शब्द त्याला घरात आणून बसवतो.

म्हणून दोन्हीकडची माणसे संसाराला लागली की घोटाळा होतो. थायलंडच्या ईशान्येला ईसान हा गरीब, शेतीचा प्रदेश आहे. उडोन थानी, खोन केन अशा भागांतल्या पुष्कळ स्त्रियांनी युरोपातल्या पुरुषांशी लग्ने केली आहेत. गाव त्यांना ‘मिया फरंग’ म्हणते. मिया म्हणजे बायको, आणि फरंग म्हणजे आपलाच फिरंगी. दोन्ही शब्दांचे मूळ एक. हा फिरंगी दिवसातून चार वेळा ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणतो आणि तिनेही म्हणावे अशी त्याची अपेक्षा असते. तिच्या आईबापांनी जन्मात असे शब्द उच्चारलेले नसतात. ती विचारते, ‘भात खाल्ला का?’ थाई माणसाचा जिव्हाळा या प्रश्नात असतो. आमच्या आयांनी तरी दुसरे काय विचारले? गिरणीची पाळी संपवून रात्री उशिरा आलेल्या माणसाला ‘जेवलात का’ एवढेच विचारले जाई, आणि त्यात सगळे आले.

थाई भाषेत ‘प्रिये’ला शब्द नाही असे नाही. ‘थीरक’ हा तो शब्द. पण त्याची एक वाईट कथा आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची विमाने उडोन, उबोन, कोरात, ताख्ली, उतापाओ अशा थाई तळांवरून उडत. हजारो सैनिक तिथे राहिले. आसपासच्या गरीब खेड्यांतल्या मुली महिन्याच्या पैशावर त्यांच्यासोबत राहू लागल्या. सैनिकांनी ‘थीरक’ हा शब्द उचलला, मोडका तोडका केला, आणि अशा बाईला तेच नाव पडले. थाई लोक तिला ‘मिया चाव’ म्हणत, म्हणजे भाड्याची बायको. १९७६ पर्यंत सैन्य निघून गेले. बायका आणि त्यांची गोरी-काळी लेकरे मागे राहिली, आणि ते नावही. भाडे देणाऱ्याला मात्र कोणतेच नाव चिकटले नाही. आम्हांला हे वाचून मुरळी आणि जोगतिणीची आठवण झाली. तिथेही नाव बाईलाच पडते.

टोपणनावांचा प्रकार यापेक्षा हसरा आहे. प्रत्येक थाई माणसाला खरे नाव असते आणि एक खेळातले नाव असते. डुक्कर, कोळंबी, पाखरू, लाल, छोटी, काहीही. यिंगलक शिनावात २०११ ते २०१४ पंतप्रधान होत्या. त्यांचे खेळातले नाव ‘पू’, म्हणजे खेकडा, आणि वर्तमानपत्रे ते खुशाल छापत. नवराबायको एकमेकांना ‘उआन’ म्हणजे ‘जाड्या’, ‘जाडे’ म्हणतात, ते लाडाने. हेच एखाद्या इंग्रज बाईला म्हणून पाहा! बाळाला कुरूप नाव ठेवायचे, त्याला गोंडस म्हणायचे नाही, नाहीतर भुते उचलून नेतील, असा तिथला जुना समज होता. आपल्या दगडू, धोंडू, कचरूमागेही तोच समज होता. मात्र आपल्यापैकी सगळ्यांची तशी नावे आईच्या मायेतून आलेली नाहीत. शूद्राचे नाव निंदाजनक असावे असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेच आहे. आईने म्हटलेला ‘कचऱ्या’ आणि पाटलाने म्हटलेला ‘कचऱ्या’ एक नव्हे.

नात्याचा शब्दही असाच फिरतो. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक वयस्क काळ्या माणसांना ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणत. त्यात माया नव्हती. मिस्टर किंवा मिसेस म्हणावे लागू नये म्हणून ती पळवाट होती. १९६३ साली अलाबामातल्या एका न्यायालयात सरकारी वकिलाने मेरी हॅमिल्टन या काळ्या कार्यकर्तीला नुसते ‘मेरी’ म्हटले. मला योग्य संबोधनाने बोलवा, तोवर उत्तर देणार नाही, असे तिने ठणकावले. तिला न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा झाली. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

थाई ‘फी’ आणि ‘नाँग’मध्येही वरखाली आहेच. ‘फी’ने सांभाळायचे, खानावळीचे बिल द्यायचे; ‘नाँग’ने ऐकायचे. नवरा हा ‘फी’ आणि बायको ‘नाँग’, हे जणू ठरलेलेच. बायको वयाने मोठी असली की पंचाईत. आपल्याकडे तरी काय, ‘अहो’ आणि ‘अगं’. बाबासाहेब माता रमाईंना ‘रामू’ म्हणत, रमाई त्यांना ‘साहेब’ म्हणत. पण बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा इंग्रजी ग्रंथ रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला तेव्हा अर्पणपत्रिकेत ‘रामू’ हेच घरातले नाव छापले.

भिक्खूंना तर थाई उपासक नात्यानेच हाक मारतात. तरुण भिक्खू ‘लुआंग फी’, पूज्य दादा. मध्यम वयाचा ‘लुआंग फॉ’, पूज्य बाबा. म्हातारा ‘लुआंग पू’, पूज्य आजोबा. हा ‘पू’ आणि वरचा खेकडा यांत फरक फक्त सुराचा. थाई भाषेत पाच सूर आहेत, तेव्हा विहारात जाणाऱ्याने जपून बोलावे.

आजची तरुण जोडपी ‘फी-नाँग’मधून वाट काढतात. समोरच्याला म्हणायचे ‘तुआ-एंग’, म्हणजे ‘स्वतः’, आणि स्वतःला म्हणायचे ‘खाव’, म्हणजे ‘तो’ किंवा ‘ती’. ‘स्वतः जेवली का? तो अजून जेवला नाही.’ यात थोरला कोण, धाकटा कोण, काही कळत नाही. आणि जोडीदाराला चारचौघांत शब्द आहे ‘फॅन’. सिनेमानटाचा असतो तोच, इंग्रजीतून आलेला. प्रियकर, प्रेयसी, नवरा, बायको, चौघांनाही तो एकच चालतो.