नोझल बिघडले, पगार कापला ड्रायव्हरचा!

गाडी सुरू झाली नाही की गुन्हेगार शोधावा लागत नाही. तो आधीच ठरलेला असतो आणि तो स्टिअरिंगमागे बसलेला असतो. पंप बिघडला, ड्रायव्हरने बिघडवला. सेल्फ जळला, ड्रायव्हरने जाळला. दोष कशात आहे हे तपासण्याआधीच भरपाई कोणी करायची याचा निकाल लागून जातो. या अजब न्यायाविरुद्ध आम्ही आज लिहीत आहोत.

निमित्त बंगळूरचे आहे. कोल्हापुराकडून गूळ घेऊन गेलेली एक बीएस-6 गाडी यशवंतपूरच्या ट्रक टर्मिनलवर रात्री उभी केली आणि पहाटे सुरू होईना. ड्रायव्हरने मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, "सेल्फ मारत राहा, होईल." तो मारत राहिला. बॅटऱ्या उतरल्या, दुसऱ्या गाडीवरून वायर जोडून पुन्हा मारला आणि शेवटी सेल्फ जळाला. बोलावलेल्या मिस्त्रीने फिल्टरसुद्धा न खोलता निकाल दिला की चारही इंजेक्टर गेले, पंपही उतरवावा लागेल. आकडा ऐकताच मालकाने फोनवरच जाहीर केले की दर महिन्याच्या पगारातून हप्त्याने कापून घेणार. ड्रायव्हरला एका शब्दाने विचारले नाही.

आता जरा पान्याची भाषा बोलू, कारण या भांडणाचा निकाल पान्यानेच लागतो. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन तापते आणि त्या तापलेल्या हवेत बारीक फवाऱ्याने डिझेल आले की पेट घेते. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे आणि डिझेल योग्य दाबाने, योग्य वेळी आले पाहिजे. सेल्फ मंद फिरत असेल तर बॅटरी, तिची टर्मिनले आणि अर्थिंग आधी बघा, पंपाच्या नादी लागू नका. सेल्फ जोरात फिरतो आहे पण सायलेन्सरमधून धूरच नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. टाकी, जाळी, फिल्टर, पाइपात शिरलेली हवा, फीड पंप या क्रमाने मागे जात तपासा. पांढरा धूर येतो पण पेट घेत नाही, तर डिझेल येते आहे पण जळत नाही. मग टायमिंग, नोझलचा फवारा आणि कॉम्प्रेशन यांच्याकडे वळा. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त एका दमात सेल्फ मारू नये, मध्ये दोन मिनिटे थांबावे. "मारत राहा" हा हुकूम देणाऱ्यानेच सेल्फ जाळला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्या पंपाच्या काळात हे निदान ड्रायव्हरच्या हातात होते. 1951 साली बंगळुरात मायको कंपनी उभी राहिली. अडुगोडीच्या कारखान्यातले पंप आणि आमच्या नाशिकच्या सातपूरला बनणारी नोझले देशभरच्या ट्रकांवर चढली. 2008 साली कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी रस्त्यावर "मायकोचा पंप" हाच शब्द राहिला. तो पंप बिघडला तर क्लीनरसुद्धा हॅन्ड प्रायमर मारून, ब्लीडिंग स्क्रू सैल करून हवा काढायचा. नोझलच्या पाइपाचा नट सैल करून डिझेल उसळते की नाही ते चार लोकांसमोर दाखवता यायचे. पुरावा डोळ्यांसमोर असायचा आणि शेठलाही तो नाकारता येत नसे.

कॉमन रेल आले आणि पुरावा डब्यात गेला. जुने नोझल दोनशे बारच्या आसपास उघडायचे, आता रेलमध्ये दीड हजार बारच्याही वर दाब असतो. (तो पाइप जुन्या सवयीने सैल करू नका! त्या दाबाची धार कातडीत घुसते, हात जातो.) रेलमध्ये पुरेसा दाब जमला नाही तर ईसीयू इंजेक्टर उघडूच देत नाही. का जमला नाही, हे स्कॅनर सांगतो. आणि स्कॅनर कोणाकडे? कंपनीच्या डीलरकडे, किंवा पैसे मोजून घेतलेल्या मोठ्या गॅरेजकडे. ज्याच्या पगारातून कापायचे त्याला मात्र तो पडदा बघायलाही मिळत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 सक्तीचे झाले, हवा स्वच्छ व्हावी हे आम्हालाही हवे आहे, आमचीच पोरे हायवेच्या कडेला वाढतात. पण स्वच्छ धुराबरोबर गाडीचे ज्ञानही कुलपात घाला, असे त्या नियमात कुठे लिहिले आहे?

यशवंतपूरच्या गाडीची तपासणी आमच्या तिथल्या सहकाऱ्यांनी ओळखीच्या गॅरेजातला स्कॅनर आणून आणि दुसरा सेल्फ बसवून केली. सेल्फ फिरताना रेलचा दाब चढत नव्हता. मग चारही इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून चार बाटल्यांत परत येणारे डिझेल मोजले. तीन बाटल्यांत जेमतेम तळ झाकला, चौथी भरभर भरली. एक इंजेक्टर गळत होता, चार नव्हेत, आणि पंप ठणठणीत होता. फिल्टरच्या भांड्यात पाणी आणि काळा गाळ निघाला. हे डिझेल आले कुठून? वाटेत एका ठिकाणी "बायोडिझेल" म्हणून स्वस्तात विकतात, तिथूनच भरायचे, असा मालकाचा लेखी निरोप ड्रायव्हरच्या मोबाइलवर होता. लिटरमागे वाचलेले पैसे मालकाच्या खिशात आणि जळलेला इंजेक्टर ड्रायव्हरच्या माथी, असा हा हिशेब होता!

कायदा काय सांगतो? 1936 च्या वेतन अदायगी कायद्यात नुकसानीपोटी कपातीला मुभा होती, पण खास ताब्यात दिलेल्या मालाचे नुकसान थेट कामगाराच्या हलगर्जीमुळे झाले असेल तरच, आणि त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्यावरच. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ही अट टिकली आहे. त्या संहितांना आमचा विरोध होता आणि आहे. पण जे कलम कामगाराच्या उपयोगाचे आहे ते वापरायला आम्ही लाजणार नाही. हलगर्जी "थेट" होती हे निदानाशिवाय सिद्ध कसे होणार? म्हणून इंजेक्टर तपासणे हा नुसता गॅरेजचा विषय नाही, तो वेतनाचा प्रश्न आहे.

एका गाडीचा मालकही कर्जाच्या हप्त्याखाली वाकलेला असतो, हे आम्ही जाणतो. त्यालाही चार इंजेक्टरचे बिल लावून लुटलेच जात होते. पण आपल्यावरची लूट त्याने खालच्या माणसाच्या पगारावर ढकलावी, हे आम्हाला मान्य नाही.

25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा मुख्य ठपका होता. पुढे अपिले झाली. ते प्रकरण मोटारींचे होते, पण दुखणे ट्रकचेही तेच आहे. 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनेही घेतली आणि वर्षअखेर पोर्टलही काढले. पोर्टलने फॉल्ट कोड वाचता येत नाही, सरकार!

आमचे मागणे साधे आहे. बिघाडाचा खर्च ड्रायव्हरकडून मागणाऱ्याने स्कॅनरच्या अहवालाची छापील प्रत आधी त्याच्या हातात ठेवावी, त्याला कळेल अशा भाषेत. प्रत्येक मोठ्या ट्रक टर्मिनलवर सरकारी खर्चाने तपासणी केंद्र असावे. आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल वर्गातल्या पोरांना जुन्या पंपाबरोबर कॉमन रेलवरही खरोखर हात मारायला मिळावा, नुसता फळ्यावरचा नकाशा नको. आणि ड्रायव्हर बंधूंनो, मालकाने तोंडी सांगितलेली डिझेलची जागा मेसेजवर लिहून मागा, पावती जपा, फिल्टरमधले पाणी बाटलीत भरून ठेवा.

यशवंतपूरच्या त्या ड्रायव्हरने तेच केले होते. बाटली आणि मोबाइल समोर ठेवल्यावर मालकाने इंजेक्टरची कपात मागे घेतली, कापलेला एक हप्ता परत केला. सेल्फच्या पैशांवरून वाद अजून चालू आहे.