आजींचा गुडघा आणि आतला रखवालदार

बालमित्रांनो, लोअर परळला डिलाईल रोडवरच्या एका चाळीत आमच्या ओळखीच्या एक आजी राहतात. तिसरा मजला, लाकडी जिना आणि झिजलेले गुडघे! महिना महिना त्या खाली उतरत नाहीत. डॉक्टर म्हणतात, सांधा बदलू या. आजी म्हणतात, "मला बीपी आहे रे बाबांनो! टेबलावरच काही झालं तर?"

आजींची भीती अगदीच खोटी नाही, बरं का! पण आधी एक गंमत करा. मनगटावर बोट ठेवून नाडी मोजा. मग दोन जिने पळत चढा आणि पुन्हा मोजा. वाढली ना? हृदयाला 'पळ' म्हणून हुकूम कोणी दिला? तुम्ही तर नाही!

हा हुकूम स्वायत्त चेतासंस्थेचा. ती आपल्या शरीराची रखवालदार. तिच्यातल्या अनुकंपी चेता हृदयाची गती वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढवतात. परानुकंपी चेता हृदयाला सबुरीने घ्यायला लावतात. मानेतल्या रोहिण्यांत दाब ओळखणाऱ्या चौक्या असतात. तिथून मेंदूला सतत खबर जाते.

गुडघा बदलताना पुष्कळदा पाठीच्या खालच्या भागात, मणक्यांमधून इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल देतात. दुखणं थांबतं, पण तिथल्या अनुकंपी चेताही झोपी जातात. मग पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त तिथेच रेंगाळतं आणि रक्तदाब उतरतो. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून काही वेळा मांडीला हवेचा पट्टा आवळतात. तो फार वेळ राहिला तर दाब चढू शकतो आणि सोडला की रक्त पायात धावून दाब पुन्हा घसरतो. सांधा हाडाला चिकटवायच्या खास सिमेंटमुळेही कधी कधी तो उतरतो.

अशा वेळी पहारा कोण करतं? भूलतज्ज्ञ! शस्त्रक्रिया संपेपर्यंत ते जागचे हलत नाहीत. दर काही मिनिटांनी दाब पाहतात, सलाईन कमीजास्त करतात, गरज पडली तर रक्तवाहिन्या आवळणारं औषध देतात. आतला रखवालदार झोपला की त्याची काठी यांच्या हातात!

आपल्या मुंबईतच, ब्रीच कँडी रुग्णालयात, त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला. डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती शस्त्रक्रिया केली. तेव्हा वाजपेयींनी पंचाहत्तरी गाठली होती.

हे ऐकून आजी जरा सैलावल्या. मग नातीने त्यांच्या सगळ्या गोळ्या कागदावर उतरवायला घेतल्या आणि खरी गोष्ट बाहेर आली. बीपीची गोळी आजी फक्त डोकं दुखेल त्या दिवशीच घेत होत्या! भूलतज्ज्ञांना हे कळलंच नसतं, तर पहारा करणार कसा?

तेव्हा दोस्तांनो, या रविवारी आईबाबांना बरोबर घ्या आणि घरातल्या आजीआजोबांच्या गोळ्यांची यादी करा. कोणती गोळी, कधी, आणि खरंच घेतात का, तेही लिहा. शस्त्रक्रियेच्या दिवशी कोणती घ्यायची नि कोणती थांबवायची, ते मात्र डॉक्टरच सांगतील. आणि शस्त्रक्रियेनंतर आजी पहिल्यांदा उभ्या राहतील तेव्हा एकट्या नकोत. आतला रखवालदार नुकता जागा झालेला असतो. चक्कर येऊ शकते. नर्सताईंचा हात हवाच!