मलमाची ट्यूब आणि बेफिकिरी

गजकर्णावर स्टेरॉइड मिसळलेली मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकणे ताबडतोब थांबले पाहिजे, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे. नियम आहेच. 2018मध्ये केंद्राने अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीच्या औषधांत टाकली. तरी अकोला-अमरावतीच काय, राज्यात कुठेही ‘खाजेची ट्यूब’ मागितली की ती हातात पडते.

ट्यूबमधले क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड दोन दिवसांत खाज शमवते, बुरशीला मात्र मोकळे रान देते. चट्टे पसरतात, कातडी पातळ होते. ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ या, 2020मध्ये नामकरण झालेल्या बुरशीचे अनेक प्रकार तर टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधालाही दाद देत नाहीत. मग काही आठवड्यांचा उपचार महिनोन्‌महिने लांबतो आणि वऱ्हाडी उन्हात घामाने भिजणाऱ्या शेतमजुराची मजुरी औषधात जाते. घरातल्या सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार व्हायला हवेत, हे त्याला सांगणार कोण?

नवे औषध शोधायला वर्षे लागतात. हाती असलेले निकामी व्हायला तेवढी लागत नाहीत. अन्न व औषध प्रशासनाने दोन्ही जिल्ह्यांतील विक्रीची नोंदवही तपासावी. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बुरशीची औषधसंवेदनशीलता तपासण्याची सोय शासनाने मोफत करावी, तीही पावसाळ्याआधी.