क्यूआर कोड फिरवण्याआधी

बोटमालक, रापणकार, खलाशी बंधूंनो आणि मासळी विकणाऱ्या भगिनींनो,

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बोटी जेटीला बांधलेल्या. मिळकत बंद, पण आजारपण काही बंदी पाळत नाही. याच दिवसांत आपल्या ग्रुपवर एका रापणकाराच्या हार्टच्या ऑपरेशनसाठी मेसेज आला. सोबत पुतण्याचा क्यूआर कोड. आपण सर्वांनी जमेल तसे पैसे घातले. ऑपरेशन झाले, माणूस घरी आला. याचा आम्हाला अभिमान आहे.

पण पुढे काय झाले? "जमले किती, खर्च किती, उरलेले कुठे गेले?" अशी कुजबुज सुरू झाली. त्या पोराला बिलांची पिशवी घेऊन जेटीवर हिशेब द्यावा लागला. एक पैसाही इकडचा तिकडे झाला नव्हता. तरी पोराची मान खाली गेली ती गेलीच. त्यात कळले, की घरात दीनदयाळ कार्ड होते, पण नूतनीकरण राहिले होते.

त्याच महिन्यात आपल्याच एका मासळीवाल्या मावशीचे ऑपरेशन झाले. तिने कोणाला सांगितले नाही, बांगड्या गहाण टाकल्या. तिचा मेसेज लिहायला पुतण्या नव्हता. ग्रुपवरची मदत ज्याचा फोटो फिरतो त्याला मिळते. जो लाजतो, तो राहून जातो. आमचे दुखणे हे आहे.

म्हणून आमचे स्पष्ट मत, आधी कार्ड, मग वर्गणी. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसे असतील तर ४ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. गोव्यात किमान पाच वर्षे राहिलेल्यांसाठी ती आहे, त्यामुळे आपल्या ट्रॉलरवरचे बाहेरचे बरेच खलाशी तिच्यात बसत नाहीत. पण त्यांच्या गावचे आयुष्मान कार्ड असेल तर ते दुसऱ्या राज्यातल्या पॅनलवरच्या इस्पितळातही चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. बोटमालकांनो, खलाशी कामावर घेताना आधार बघता, तसे हे कार्डही विचारा.

आणखी एक गैरसमज. मत्स्य संपदा योजनेचा गट विमा आहे, म्हणून काहीजण निर्धास्त आहेत. तो अपघाताचा विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, अपघातात इस्पितळात राहावे लागले तर २५ हजारांपर्यंत. हार्ट, किडनी, कॅन्सरला त्यातून काही मिळत नाही.

कार्ड वापरूनही खर्च उरतोच. त्यासाठी आम्ही सर्वसाधारण सभेत प्रस्ताव ठेवणार आहोत. हंगामात प्रत्येक फेरीमागे ट्रॉलरने ५० रुपये, होडीने १० रुपये संस्थेच्या वेगळ्या खात्यात घालावेत. मदत थेट इस्पितळाच्या खात्यात जाईल. रक्कम आणि बिल फलकावर लागेल, रुग्णाचे नाव लागणार नाही. मागणाऱ्याने हात पसरायचा नाही, देणाऱ्याने संशय घ्यायचा नाही.

काही मालक म्हणतात, "सोसायटी डिझेल आणि बर्फासाठी आहे, इस्पितळासाठी नाही." आम्ही एवढेच विचारतो, जाळे ओढणारा हातच अंथरुणाला खिळला, तर डिझेल कोणासाठी भरायचे?

मोठ्या ऑपरेशनला बाहेर आवाहन करावेच लागेल, तेव्हा ते जरूर करू. पण इस्पितळाचे अंदाजपत्रक हातात घेऊन, आणि घरच्या माणसाच्या नव्हे, संस्थेच्या खात्यावर.

तोवर एक काम करा. आज घरी जाऊन कार्डावरची तारीख बघा. वाचता येत नसेल तर ऑफिसात घेऊन या, आम्ही बघून देतो.

आपले,
सचिव व संचालक मंडळ