टाकी वर की खाली? आत कोण उतरणार ते आधी विचारा

सेप्टिक टँकला आपल्याकडे सर्रास ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. सेफ्टी मात्र तिच्यात नसते. बंद टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकाला तो वासच कळेनासा होतो. वायू गेला असे समजून माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही. उतरणारा कोणत्या वस्तीतला असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून टाकी वर की खाली, हे केवळ जागा आणि खर्च बघून ठरवू नये. ती उपसताना माणूस आत उतरवावा लागेल का, हा पहिला प्रश्न.

जमिनीखालच्या टाकीत मैला उताराने जातो, अंगण मोकळे राहते. पण तडा गेला तर दिसत नाही. घाण विहिरीत, बोअरमध्ये झिरपते आणि हगवण, कावीळ, टायफॉइड घरात येतात. जमिनीवरच्या टाकीची गळती दिसते, तळाच्या व्हॉल्वला पाइप जोडून ती बाहेरून उपसता येते. मात्र शौचालय उंचावर बांधावे लागते. गरोदर बाई, गुडघे दुखणारी आजी त्या पायऱ्या कशा चढणार?

माझे मत असे. मुरमाड जमिनीवरच्या घराला टाकीच नको, दोन शोषखड्ड्यांचे शौचालय घ्या. एक भरला की मैला दुसऱ्यात वळवा; बंद खड्ड्यात वर्ष-दोन वर्षांत खत होते. खड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 10 मीटर दूर हवा. जालन्याच्या काळ्या पाषाणाला भेगा असतात, म्हणून आणखी लांब बरा. चिकट काळ्या मातीत पाणी मुरत नाही. तिथे आणि वसतिगृह, विहारासाठी, जागेला उतार असेल तर वरची टाकी बांधा. खालचीच घ्यावी लागली तर सक्शन गाडीचा पाइप पोहोचेल अशा जागी घ्या.

2013 च्या कायद्याने माणसाला असे धोक्यात उतरवणे गुन्हा आहे. घरमालकही त्यातून सुटत नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली.

तरीही कोणी आत पडलाच, तर मागोमाग उतरू नका. 101 आणि 108 ला फोन करा.