विसावा ही कुणाची मेहरबानी नव्हे

"खुर्चीत बसून तर काम करतेस, वर थंडगार हवा. मग दमतेस कशाने?" आपल्या घराघरांतून आज हा प्रश्न ऐकू येतो. विचारणारी आई काही वाईट नसते. तिने उभा जन्म भातलावणीत घालवला, बांधकामावर पाट्या वाहिल्या, नाहीतर जोहे-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत मूर्ती घासल्या. अंगातून घाम निघाल्याशिवाय कष्ट होत नाहीत, असे तिला आयुष्याने शिकवले आहे. त्यामुळे कॉल सेंटरातून आलेली लेक न जेवताच आडवी झाली की आईला ते नखरे वाटतात. धम्मबंधू आणि भगिनींनो, या गैरसमजाविषयी आज थोडे बोलायचे आहे. कारण या गैरसमजापायी आपल्याच मुलामुलींचा एक मोठा हक्क आपण विसरून बसलो आहोत.

कॉल सेंटरचे काम कसे चालते ते आधी समजून घेऊ. बँकेच्या, मोबाईल कंपनीच्या किंवा विम्याच्या ग्राहकाने मदतीसाठी फोन केला की तो ऐरोली, महापे, ठाणे, पुणे अशा ठिकाणच्या मोठ्या कार्यालयात वाजतो. तिथे कानाला हेडफोन लावून आपली मुले बसलेली असतात. फोन उचलायचा की नाही हे त्यांच्या हाती नसते. एक संपला की यंत्र दुसरा कानात सोडते. एका फोनला किती मिनिटे लागली, दोन फोनांमध्ये किती सेकंद गेले, जागेवरून कोण किती वेळ उठले, हे सारे संगणक लिहून ठेवतो. लघवीला जायचे तरी आधी कळ दाबून कारण नोंदवावे लागते. पलीकडचा माणूस चिडलेला असतो, प्रसंगी शिव्याही देतो. त्याला उलट उत्तर द्यायची सोय नाही. आवाज गोडच ठेवायचा.

पाळी सर्वसाधारणपणे नऊ तासांची असते. त्यात जेवणाची आणि चहाची सुट्टी मिळून साधारण तासभर, तीही दोन-तीन तुकड्यांत. फोनांची रांग लांबली की वरचा साहेब म्हणतो, "आता नको, थोड्या वेळाने जा." तो थोडा वेळ कधी तासभर पुढे जातो, कधी पाळी संपेपर्यंत येतच नाही. कामाचे गिऱ्हाईक अमेरिकेचे असेल तर पाळी रात्रीची. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. त्यांच्या दिवसासाठी आपल्या मुलांनी रात्र जागवायची.

आता आपल्या गावच्या कारखान्यांकडे पाहा. गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने तिथेही रात्र रात्र काम चालते. प्लास्टरची धूळ नाकात जाते, रंगाचा वास डोक्यात बसतो. ते काम सोपे आहे असे कुणी म्हणणार नाही. पण मूर्ती घासता घासता बाई पाठ सरळ करते, शेजारणीशी दोन शब्द बोलते, चहा आला की सगळे हात थांबतात. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर हात थरथरू लागला की कुंचला खाली ठेवतो, कारण थकल्या हाताने मूर्ती बिघडते हे मालकालाही कळते. शरीर जिथे थांबायला सांगते, तिथे थोडे तरी थांबता येते. कॉल सेंटरात शरीराने सांगितले तरी थांबायचे केव्हा हे यंत्र ठरवते. मुलगी दमते ती याने. बसून असते हे खरे, पण क्षणभरही मोकळी नसते.

मी वाणिज्य शाखेचा आणि पोटापाण्याने कारकून, तेव्हा थोडा हिशोब मांडतो. पेणच्या बाजूहून ऐरोलीला नोकरी करणाऱ्याचे जायला-यायला, गाडीची वाट धरून, चार-पाच तास सहज जातात. पाळीचे नऊ आणि प्रवासाचे पाच मिळून चौदा झाले. उरले दहा. त्यात आंघोळ, जेवण, कपडे, घरचे काम. आठ तास झोप घ्यायची म्हटली तर बाकी सगळ्यासाठी दोन तास उरतात. ते पुरत नाहीत, म्हणून पहिली कात्री झोपेला लागते. महिना-दोन महिने तरुण अंग हे सोसते. मग पाठ धरते, डोळे चुरचुरतात, घसा बसतो, पित्त होते, मुलींची पाळी पुढेमागे होते, आणि घरात कुणी साधे काही विचारले तरी चिडचिड होते. पगाराची पावती आपण पाहतो, हा खर्च मात्र तिच्यावर लिहिलेला नसतो.

कामाच्या मध्ये मिळणारा अर्धा तास ही कंपनीची दया आहे, असे आपल्या मुलांना वाटते. त्यांनी इतिहास जाणून घ्यावा. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. त्यात आठवड्याची एक सुट्टी होती आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणीही होती. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली आणि १८९१ च्या कायद्यात दुपारचा अर्धा तास आला. आज डबा उघडायला जो अर्धा तास मिळतो, त्याच्यामागे त्या साडेपाच हजार सह्या आहेत.

पुढे कामाचे तास एकेक पायरीने उतरत गेले. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे जास्तीत जास्त साठ तास ठरवले, १९३४ च्या कायद्याने चोपन्न. तिथून अठ्ठेचाळीसवर आणण्याचे विधेयक मांडले ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या परमपूज्य बाबासाहेबांनी, आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला. आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो ते योग्यच आहे. पण जो माणूस आज आठवड्यात एक दिवस सुट्टी घेऊन घरी बसतो, रोज ठरल्या वेळी काम सोडतो, त्याच्या त्या मोकळ्या वेळातही बाबासाहेब आहेत, हे जयंतीच्या भाषणांत फार क्वचित ऐकायला मिळते.

आजचा कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली नव्याने झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेली कार्यालये तेव्हा त्यात आली. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असे त्यात तेव्हा लिहिले गेले. जादा कामाला दुप्पट दराने मजुरी, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह हेही त्यात आहे. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि तिच्या संरक्षणाची व्यवस्था हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या आस्थापनांसाठी दिवसाचे नऊ तास दहापर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे अठ्ठेचाळीस मात्र तेच ठेवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र देणे त्यात बंधनकारक आहे. दिवसाची मर्यादा ताणली जात असताना आठवड्याचा आकडा आपण डोळ्यांत तेल घालून मोजला पाहिजे, कारण तो आकडा बाबासाहेबांच्या हातचा आहे.

एक गोष्ट लिहिताना मन जड होते. कामावर असताना स्वच्छतागृहाला जायची वेळ येऊ नये म्हणून अनेक मुली पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ सुरू होते, ताप येतो, आणि लाजेने डॉक्टरकडे जाणेही लांबते. आपण रायगड जिल्ह्याची माणसे. याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या पाण्याचा अर्थ तहान भागवण्यापेक्षा मोठा होता. माणसाला माणूस म्हणून पाणी पिता आले पाहिजे, हा त्याचा अर्थ. त्या जिल्ह्यातल्या लेकीने संगणकाच्या भीतीने तहान मारावी? मुलींनो, बाटली जवळ ठेवा, थोडे थोडे पाणी पीत राहा आणि गरज लागली की उठा. त्यासाठी कुणाची लाज धरू नका.

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला जो उपदेश केला, तो सिगालोवाद सुत्तात आहे. त्यात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. नोकराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, चांगलेचुंगले त्याच्यासोबत वाटून खावे आणि वेळोवेळी त्याला सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी विश्रांती मालकाच्या कर्तव्यात मोडत होती. पण हे सुत्त कंपनीकडे बोट दाखवून मिटून ठेवू नका. घरी आपण काय करतो तेही त्याच्याशी ताडून पाहा. रात्रपाळी करून सकाळी आलेल्या सुनेला "उठ, दळण टाकून ये" म्हणणारे घर विश्रांती देते का? भाऊ टीव्हीसमोर आणि दमलेली बहीण भांड्यांसमोर, ही समता कुठली? आणि "रात्रीची कुठे जाते कोण जाणे" अशी कुजबुज करणाऱ्या शेजाऱ्यांना आपण गप्प करतो की नाही? ती मुलगी रात्रभर अनोळखी माणसांचे बोलणे सोसून घराचे हप्ते भरते. तिच्या चारित्र्याची चर्चा ओट्यावर होणे ही आपल्या चळवळीला शोभणारी गोष्ट नाही.

आता काही उपयोगाच्या सूचना. सुट्टी मिळाली की खुर्चीवर बसून मोबाईल पाहू नका. उठा, चाला, खिडकीबाहेर लांब नजर टाका. डोळ्यांना आणि कंबरेला तेवढाच आराम. घशासाठी चहावर चहा घेण्यापेक्षा कोमट पाणी बरे. डबा हलका असावा. भाकरी, भाजी, उसळ पुरे. मध्यरात्री वडापाव आणि थंड बाटली पोटाला बाधते. दिवसा झोपणाऱ्यासाठी घरातली एक बाजू पडदा लावून अंधारी करावी, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि दारातून हाक मारणाऱ्याला घरच्यांनीच परत पाठवावे. एकच खोली असेल तर तेवढे तास टीव्ही बंद. विहारातही दुपारचा कार्यक्रम असेल तेव्हा कर्ण्याचा आवाज बेताचा ठेवावा. आपल्याच वस्तीतले कुणीतरी रात्रीचे जागून आलेले असते.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना, कारकुनी पेशातली. एक साधी शंभर पानी वही करा. रोज कामावर आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, सुट्टी केव्हा मिळाली, केव्हा नाकारली आणि कुणी, हे तारखेनिशी दोन ओळींत लिहा. नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि पाळ्यांचे वेळापत्रक यांच्या प्रती घरी ठेवा. संगणक तुमचा प्रत्येक सेकंद लिहितो, पण तो मालकाचा कागद आहे. तुमचा कागद तुम्हीच लिहिला पाहिजे. तक्रार करायची वेळ आली तर आधी कंपनीला लेखी द्या, पोच घ्या. तेवढ्याने भागले नाही तर कंपनी ज्या भागात आहे तिथल्या कामगार आयुक्त कार्यालयात जा. एकट्याने जाण्यापेक्षा चौघे मिळून गेलात तर बोलणे ऐकले जाते, हे लोखंड्यांच्या काळापासून चालत आले आहे.

गावोगावच्या मंडळांना आणि महिला मंडळांना एक विनंती. महिन्यातून एका रविवारी वंदना झाल्यावर तासभर राखून ठेवा. गावातून कंपन्यांत जाणाऱ्या मुलामुलींना बोलवा. त्यांची इंग्रजी नेमणूकपत्रे जाणत्या माणसाने मराठीत समजावून सांगावीत, त्यांच्या वह्या पाहाव्यात. सोबत त्यांच्या आयांनाही बसवा. लेक आठ-नऊ तास काय ऐकते, तिला किती मिनिटे उठता येते, हे आईने तिच्याच तोंडून एकदा ऐकले की "दमतेस कशाने" हा प्रश्न पुन्हा निघणार नाही. मग त्याच आईने लेकीला विचारावे, "आज सुट्टी पुरी मिळाली का? पाणी प्यालीस का?"

जय भीम!

(जोहे, ता. पेण, जि. रायगड)