इतिहासलेखकाला दारातून परत पाठवू नका



हातात वही घेतलेला एखादा मनुष्य आपल्या दारी येतो आणि विचारतो, “आजोबांची जुनी पत्रे, सभेची पत्रके घरात आहेत काय?” वर्गणी मागणारा समजून आपण त्याला परत पाठवतो. ही मोठी चूक होय.

हा मनुष्य स्वतंत्र इतिहास-संशोधक आहे. त्याला पगार नाही, निवृत्तिवेतन नाही. मुंबईच्या पुराभिलेखागारात तो दिवस दिवस फायली चाळतो, प्रत्येक कागदाचा क्रमांक व तारीख टिपतो, नकलांचे पैसे पदरचे भरतो. तरी कित्येकदा एखादीच ओळ हाती लागते. कारण सरकारी दप्तर सरकारने आपल्या सोयीसाठी ठेवलेले असते. त्यात मोर्चाचा बंदोबस्त सापडेल. मोर्चासाठी भाकऱ्या बांधून देणारी माता सापडणार नाही. ती आपल्याच घरातील आठवणींत आहे.

चांगदेव खैरमोडे यांनी कागद न् कागद जमवून बाबासाहेबांचे चरित्र सिद्ध केले. पहिला खंड १९५२ साली निघाला. १९७१ साली ते निवर्तले, तेव्हा कित्येक खंड छापावयाचे राहिले होते. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा त्यांचा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांनी तोंड उघडले नसते, तर तो ग्रंथ कशावर उभा राहिला असता?

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. पेटीतील कागद रद्दीत घालू नका, वाळवीच्या स्वाधीन करू नका. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. मूळ कागद घराबाहेर देऊ नका. संशोधकाला घरी बसवून नक्कल घेऊ द्या. त्याचा ग्रंथ निघाला की तो विकत घ्या. फुकट प्रतीची अपेक्षा धरू नका.

आणखी एक गोष्ट. आजोबांनी सांगितलेली तारीख चुकीची होती, असे त्याने पुराव्यानिशी दाखविले तर रागावू नका. ऐकीव म्हणून काहीही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो उपदेश आपल्या घरच्या आठवणींनाही लागू आहे. स्तुतिपाठक पुष्कळ मिळतील. खरा इतिहास लिहिणारा क्वचित दारी येतो. त्याला पाणी द्या, आणि पेटी उघडा.